टोळीतलं घरचं माणूस

अप्पा,

तुमच्यावर माझा पुरता विश्वास कधीच बसला नाही. तुम्ही होता तेव्हा हे बोलायची छाती नव्हती, आणि तुम्ही गेल्यावर कुणापाशी बोलणार, म्हणून इतकी वर्षं गिळून बसले. तेव्हा मला लिहितासुद्धा येत नव्हतं. जळकोटात मुलींनी शाळेत जायचे ते दिवस नव्हते, आणि होती ती शाळा उर्दूतली. अक्षरं मी पुढं पोरांच्या पाटीवर बघून शिकले, तेव्हा काना-मात्रा चुकल्या तर हसू नका. आज लिहायला बसले त्याला कारण आहे. तुमच्या थोरल्या लेकीचा, आक्काचा, नातू परवा पाया पडायला आला. मुकादम झालाय, ऊसतोडीची टोळी घेऊन साखर कारखान्यावर चाललाय. तुमचंच नाक, आणि बोलता बोलता मिशीवरनं बोट फिरवायची तुमचीच खोड. मी विचारलं, तळावर पाणी कुठलं? म्हणाला, असेल की काहीतरी. बायांनी आंघोळीला कुठं जायचं? नुसता हसला. मग विचारलं, टोळीत आपल्या घरचं कोण चाललंय? तर म्हणतो कसा, आजी, आता घरचं कोण पाठवतंय, आता करार असतो. माझ्या मनात पाल चुकचुकली ती अजून गप्प बसत नाही. तो गेला आणि मला तुम्ही आठवलात, म्हणजे रागच आठवला म्हणा.

तुमचं सगळं रीतीचं असायचं. निजामाचं राज्य, आपल्याकडं मोगलाई, पलीकडं इंग्रजांचा मुलूख, आणि मधे करोडगिरीचा नाका, येणाऱ्या-जाणाऱ्याचं गाठोडं सोडून जकात घेणारा. सुगी उरकली की तुम्ही आसपासची माणसं गोळा करून बार्शीला कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कामाला न्यायचा. पण आधी एकटे जाऊन यायचा. तिथलं पाणी पिऊन बघायचा, अगोदरपासून कामाला असलेल्यांच्या पंगतीत बसून त्यांची भाकरी मोडायचा, आणि माणूस कानडी असला तर कानडीत गोड बोलून त्याच्या पोटातलं काढून घ्यायचा. अव्वा म्हणायची, सोयरीक जुळवायची असावी तशी चौकशी चाललीय ह्यांची. दुसरी रीत ती घरच्या माणसाची. मुकादम म्हणजे टोळीत त्याच्या घरचं एक माणूस असलंच पाहिजे, तेही सगळ्यांसारखं खालीच झोपणार, तेच खाणार. आपले काका दर साली जायचे. मुकादमाचा सख्खा भाऊ जिथं अंग टाकतो तिथं आपल्याला कसलं भ्या, असं लोक म्हणायचे आणि बिनघोर तुमच्यामागं निघायचे. हे तुम्ही माणुसकीनं करायचा की धंद्याला बरं म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. माणसं वळवायला ह्याहून सोपी युक्ती दुसरी नव्हती, एवढं मात्र खरं.

मग ती लढाईची वर्षं आली. काका आदल्या उन्हाळ्यात तापानं गेले होते. दसऱ्याच्या आधी तो गुत्तेदार आला, सरकारी कामांचा ठेका घेणारा, पांढरं स्वच्छ धोतर, काखेत छत्री, आणि बोलणं असं की गुळाची ढेप पाझरावी. सोलापूरच्या पलीकडं पलटणीच्या गाड्यांसाठी रस्ते व्हायचेत, खडी फोडायला माणसं हवीत, नवरा-बायको जोडीनं आले तर उत्तम. डोक्यावर पत्रा देतो, विहिरीचं पाणी देतो, आणि संक्रांतीला सगळ्यांना सोडतो, म्हणजे आपापली शाळू ज्वारी काढायला माणूस घरी. तुम्ही म्हणालात, जागा बघितल्याबगर माणूस देत न्हाय. मला त्या क्षणी तुमचा अभिमान वाटला होता, हे नोंदवून ठेवते, कारण पुढं तसे क्षण फार नाहीत. त्यानं तुम्हाला आपल्या मोटारीत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी परत आलात ते अंगात लोकरी कोट घालून. अव्वानं कोटाचं कापड दोन बोटांत धरून बघितलं आणि विचारलं, कशाबद्दल दिला. तुम्ही म्हणालात, थंडी होती मोटारीत. जागेबद्दल विचारलं तर, बघितली, बरी हाय, एवढंच. पाणी पिऊन बघितलं का, कुणाची भाकरी मोडली का, कुणाशी कानडीत बोललात का, काही नाही. ताकास तूर लागू दिली नाहीत. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं, आणि मी काही लहान नव्हते, माझी सोयरीक ठरलेली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या कट्ट्यावर टोळीनं भंडारा उचलला. पितळेच्या ताटात अणदूरच्या खंडोबाची हळद, वर बेलाचं पान, ताट तुमच्या हातात. एकेकानं पुढं यायचं, चिमूट उचलायची, कपाळाला लावायची आणि म्हणायचं की मालकानं सोडल्याशिवाय जागा सोडणार न्हाय. हे वाक्य गुत्तेदाराचं होतं. बार्शीला असली शपथ कधी कुणी मागितली नव्हती. पण ताट मुकादमाच्या हातात म्हटल्यावर कोण शंका घेणार? हळद लावून दिलेला शब्द मोडला तर वंश बुडतो, असं मानणारी आपली माणसं. म्हातारेकोतारे, नुकतंच लग्न झालेल्या पोरी, सगळ्यांनी उचलला. शेवटी कुणीतरी म्हणालं, मालकांनीबी उचलावा, पाण्याचा न् संक्रांतीचा. गुत्तेदार हात जोडून हसला. म्हणाला, "माझा शब्द हाच माझा भंडारा." लोकांना ते लई आवडलं. तुम्ही ताट खाली ठेवलंत.

तो जेवायला आपल्याकडंच होता. मी वाढत होते. चुलीपाशी अव्वा पुटपुटली, ज्याचा शब्द एवढा वजनदार, त्याला चिमूटभर हळद कशी जड झाली? तो हात धुवायला बाहेर गेला तेव्हा मी तेच तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्ही ताटावरनं मान वर न करता म्हणालात, तुझ्या जिभेला हाड न्हाय, सासरी गेल्यावर आमचं नाव घालवशील. अव्वा बोलली तेव्हा ऐकू आलं नव्हतं तुम्हाला, माझं मात्र बरं आलं. त्यानंतर जेवताना तुम्ही माझ्याकडं भाकरीसुद्धा मागितली नाहीत, अव्वाकडं मागत राहिलात. मी तो अपमान पुष्कळ दिवस उराशी धरला.

घरचं माणूस म्हणून कोण जाणार, हा प्रश्न होताच. तुम्हाला मुलगा नाही. आक्काचा नवरा, आपले दाजी, घरजावई. जोडीनं हवीत म्हटल्यावर आक्का आणि दाजी निघाले. आक्काला त्याचं काही वाटलं नाही. तिनं तवा बांधून घेतला, दोन लुगडी घेतली, मला म्हणाली, संक्रांतीला वाण घेऊन येते तुला. टोळी नाक्याच्या दिशेनं गेली तेव्हा तुम्ही हमरस्त्यापर्यंत पोचवायला गेलात. परत येऊन कोट काढून खुंटीला लावलात आणि झोपलात, भर दिवसा. मी अव्वाला म्हणलं, ह्यांना काहीतरी ठाऊक आहे. ती म्हणाली, गप बस.

संक्रांतीच्या आधी नळदुर्गची कासारीण बांगड्या घेऊन आली. ती सोलापूरकडनं फिरून आली होती आणि वाटेत आपल्या माणसांच्या तळावर गेली होती. अव्वाच्या हातात बांगडी चढवता चढवता म्हणाली, बाई, तुमच्या थोरलीच्या हातात बांगडी जाईना, हात सुजून भाकरीगत झालेत. पत्राबित्रा काही नाही, खाणीच्या कडेला पाचटाच्या खोपट्या, आणि पाणी खाणीत साचलेलं तेच प्यायचं. माणसांची गाठोडी कामावर नजर ठेवणाऱ्या जमादारानं चोऱ्या होतात म्हणून कोठीत कुलूप लावून ठेवलीत. मी विचारलं, मग निघून का येत नाहीत? ती म्हणाली, विचारलं की म्या, तर म्हणतात, भंडारा उचललाय, मालक सोडील तवा. संक्रांतीचं विचारलं तर मालक म्हणतो, लढाई काय संक्रांतीला थांबती व्हय. तुम्ही ओसरीवर सगळं ऐकत होता. तंबाखू मळत होता ती मळतच राहिलात आणि शेवटी म्हणालात, बघतो.

बघतो म्हणालात आणि दोन दिवसांनी कोट अंगात घालून गड्ड्याच्या यात्रेला म्हणून सोलापूरला गेलात. लेक खडी फोडतीय, हात सुजलेत, आणि बाप सिद्धेश्वराच्या यात्रेला! अव्वानं तुम्हाला शिदोरी बांधून दिली नाही. परत आलात ते रिकाम्या हातानं. गड्ड्याहून कोण रिकामा येतो? शेजारच्या पोरांना भिरभिरं नाही, घरात बत्तासा नाही. जेवला नाहीत. मी तेव्हा मनात पक्कं धरलं की यात्रा हे निमित्त, तुम्ही गुत्तेदाराकडं गेला होता आणि तुमचा काहीतरी वाटा होता तो घेऊन आलात. हे मी कुणाला सांगितलं नाही. पण मनातनं तुम्हाला बाप म्हणायचं मी त्या दिवशी सोडलं.

पुढं आठवडाही गेला नसेल. पहाटे तुम्ही उठलात, जुनं घोंगडं खांद्यावर टाकलंत, पितळेचं ताट फडक्यात गुंडाळलंत आणि मला म्हणालात, तू चल, आक्काला धरून आणायला बाईमाणूस पाहिजे. नाक्यावरच्या शिपायानं फडकं सोडायला लावलं, आत ताट आणि हळद बघून त्याला हसू आलं. तुम्हीही हसला नाहीत आणि मीही नाही.

ती खाण मला अजून दिसते. खोल काळा खड्डा, तळाला हिरवट पाणी, वर ओळीनं माणसं बसलेली, प्रत्येकासमोर खडीचा ढीग. आपल्याच गावची माणसं, पण मला पटकन ओळखू येत नाहीत, सगळ्यांच्या पापण्यांवर धूळ बसलीय. आक्का बोटांना चिंध्या गुंडाळून सुतकीचा हातोडा चालवतीय. मला बघून ती रडते. तुमच्याकडं बघते, आणि रडायची थांबते. ती नजर कसली होती हे मला तेव्हा कळलं नाही, पण ती बापाला बघून हायसं वाटलेल्या लेकीची नव्हती, हे मी पैजेवर सांगेन. तुम्ही ढिगांच्या मधोमध जाऊन ताट सोडता आणि सगळ्यांना जवळ बोलावता. माणसं येतात. जमादार येतो, मागनं गुत्तेदार येतो, छत्री उघडी.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "ह्यो भंडारा म्या उचलायला लावला. जागा मला दाखवली ती दुसरी, न् म्या इचारायचं ते इचारलं न्हाय. आता म्याच उतरवतो. पाप लागलं तर माझ्या घराला लागू द्या."

गुत्तेदार म्हणाला, मी कुणाला सोडलेलं न्हाय, मुकादम. तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. पहिल्या म्हाताऱ्याच्या कपाळाला हळद लावलीत आणि म्हणालात, उतरला. म्हाताऱ्यानं हातातला हातोडा हळूच खाली ठेवला, कुणाचं मूल निजवावं तसा. मग दुसरा, मग बाया. गुत्तेदारानं मग डाव बदलला. म्हणाला, जायचं तर जा बाबांनो, गाठोडी तेवढी एकेकानं कोठीवर येऊन न्या. दोघी-तिघी वळल्याही, एकीचं लग्नातलं लुगडं होतं आत. तुम्ही म्हणालात, कोठीकडं कुणी एकटं जायचं न्हाय, गाठोडी ऱ्हाऊ द्या. आणि सगळी माणसं तशीच निघाली, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिघाचौघा लाठीवाल्यांनी कुणाला अडवलं नाही. अडवायची वेळ त्यांच्यावर आजवर आलीच नव्हती. राखण आपली हळदच करत होती. आक्काच्या कपाळाला तुम्ही सगळ्यांत शेवटी बोट लावलंत.

त्यानंतर गावात तुमचं नाव झालं. मुकादमानं टोळी सोडवून आणली, असं लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले. तुम्ही परत टोळी नेली नाहीत, कोटही परत घातला नाहीत. अव्वानं तो पुढच्या थंडीत म्हशीच्या रेडकाच्या अंगावर टाकला. मी सासरी गेले. रझाकारांच्या धामधुमीत आम्ही सगळे हद्दीपलीकडं पळालो, पोलीस ॲक्शन झाल्यावर परत आलो, आणि त्यानंतर लवकरच तुम्ही गेलात. तुमच्या मातीला आलेले लोक रडत होते. मी रडले नाही. मला ती गड्ड्याची यात्रा आठवत होती.

खरं काय ते मला आक्काकडनं कळलं, ती अंथरुणाला खिळल्यावर. मी तिची वेणी घालत होते. तिची बोटं शेवटपर्यंत पुरती मिटली नाहीत, भाकरी ती तळहातानंच थापायची. मी सहज म्हणावं तसं म्हणलं, अप्पा त्या साली यात्रेला म्हणून गेले आणि गुत्तेदाराकडनं काय घेऊन आले असतील गं? ती म्हणाली, घेऊन येणार होते ते मला. तुम्ही खाणीवर गेला होता, अप्पा. गुत्तेदाराला भेटला होता. त्यानं सांगितलं, लेक-जावई गुपचूप घेऊन जा, गावात मात्र सगळं बरं हाय म्हणून सांगा. आणि तुम्ही कबूल केलं होतंत. तुम्ही आक्काला ढिगाआड बोलावून म्हणालात, चल, तुझं न् जावयाचं बोललोय म्या, बाकीच्यांचं मागनं बघू.

आक्का तुम्हाला काय म्हणाली ते तिनं मला तिच्याच शब्दांत सांगितलं. "म्या म्हणलं, अप्पा, मला तुमी कशापायी धाडलंय हितं? म्या घरचं माणूस हाय ह्यांचं. म्या उठले तर ह्यांच्याजवळ काय ऱ्हायलं?"

तुम्ही मग एकटेच निघून आलात म्हणे.

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता, फक्त भलत्या जागी बसला होता. मला वाटायचं तुम्ही काही घ्यायला गेला होता. तुम्ही तर आपलं तेवढं काढून घ्यायला गेला होता, बाकीची माणसं त्या हिरव्या पाण्यावर सोडून. दोन्हींत वाईट कुठलं ते ठरवत मी किती दिवस काढले सांगता येत नाही. मी आक्काला रागानं म्हणलं, मग लोक जन्मभर अप्पांचं नाव घेत राहिले ते कशाबद्दल? टोळी तू सोडवलीस, आणि हे तू कुणाला सांगितलंही नाहीस? ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "दुसऱ्यांदा आले न्हवं." एवढंच. आक्काचं मन मोठं होतं. माझं नाही. मी अजून विचार करते की तिनं मुकाट्यानं गाठोडं उचललं असतं, तर तुम्ही दुसऱ्यांदा आला असता का? आणि मला वाटतं, नसता. त्या बिचाऱ्यांच्या कपाळाची हळद तशीच राहिली असती, आणि तुम्ही कट्ट्यावर बसून सगळं बरं हाय म्हणून सांगितलं असतं.

आक्काच्या नातवाला मी परवा तसंच जाऊ दिलं नाही. म्हणलं, तुझी बायको टोळीत येणार आहे का? तो म्हणाला, ती कशाला येईल, तिला काय कमी आहे. मग म्हणलं, आधी एकटा जा, तळावरचं पाणी पिऊन ये, कुणाची तरी भाकरी मोडून ये, आणि मग माझ्याकडं ये. तो चिडून गेलाय. येईल असं वाटत नाही, आणि आला तरी पाणी प्यालो म्हणून खोटंच सांगेल, हे मला त्याच्या मिशीवरच्या बोटावरनं कळेल. गावात मला खवट म्हातारी म्हणतात, म्हणू देत.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही आणि कुठं धाडायचाही नाही, म्हणून शेवटचं एक लिहून टाकते. आयुष्यभर मी तुम्हाला आक्काच्या बाजूनं उभी राहून तोललं. पण त्या खाणीत आक्काच्या जागी मी असते, आणि ढिगाआड बोलावून तुम्ही मला "चल" म्हणाला असता, तर मी बाकीच्यांकडं वळूनसुद्धा बघितलं नसतं. पदर खोचून तुमच्या पुढं निघाले असते, अप्पा.